वैद्यकीय महाविद्यालयीन ग्रंथालये आणि हातातील साधनांच्या वापरकर्त्यांना दिलेली सेवा : एक ऐतिहासिक अभ्यास (१९९६ ते २०२०)

प्रस्तावना :

वैद्यकशास्त्रात ज्ञानाची गरज बहुधा वाचनकक्षात निर्माण होत नाही. ती रुग्णाच्या खाटेशेजारी निर्माण होते. औषधाची मात्रा किती द्यावी, दोन औषधे एकत्र दिली तर अपाय होईल काय, एखाद्या तपासणीच्या निष्कर्षावर कितपत विसंबावे, असे प्रश्न रुग्णासमोर उभे असतानाच डॉक्टरांच्या मनात येतात. उत्तर मात्र दुसऱ्या इमारतीतील ग्रंथालयाच्या कपाटात असते. प्रश्न आणि उत्तर यांमधील हे अंतर कमी करण्याचे प्रयत्न हा वैद्यकीय ग्रंथालयांच्या इतिहासाचा एक महत्त्वाचा धागा होय.

हे अंतर किती मोठे होते, याची कल्पना एका अभ्यासावरून येते. कॉव्हेल, उमान व मॅनिंग यांनी लॉस एंजेलिस परिसरातील ४७ डॉक्टरांच्या माहितीविषयक गरजांचा अभ्यास करून तो १९८५ मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. साधारणपणे तीन रुग्णांमागे दोन प्रश्न निर्माण होत होते. त्यांपैकी केवळ ३० टक्के प्रश्नांची उत्तरे रुग्णभेटीच्या वेळी मिळत होती आणि तीही बहुतेक वेळा दुसऱ्या डॉक्टरांना विचारून. पुस्तके जुनी झालेली, सूची अपुरी, योग्य साधन कोणते याची माहिती नाही आणि वेळ नाही, ही छापील साधने न वापरण्याची कारणे होती. म्हणजेच ग्रंथसंग्रह समृद्ध असूनही गरजेच्या क्षणी तो वाचकाच्या उपयोगी पडत नव्हता.

१९९६ नंतर तळहातावर मावणारा संगणक बाजारात आला आणि त्यानंतर सुमारे दशकभराने स्मार्टफोन आला. या दोन साधनांनी ग्रंथालय डॉक्टरांच्या खिशात जाण्याची शक्यता निर्माण केली. ती प्रत्यक्षात आणण्यासाठी अमेरिकेतील वैद्यकीय महाविद्यालयीन ग्रंथालयांनी कोणती सेवा उभी केली आणि त्या सेवेत कोणते बदल होत गेले, याचा आढावा प्रस्तुत शोधनिबंधात घेतलेला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. हातातील साधने येण्यापूर्वी ग्रंथालय रुग्णशय्येपर्यंत नेण्याचे जे प्रयत्न झाले, त्यांचा मागोवा घेणे.
२. पीडीए व स्मार्टफोन या दोन टप्प्यांत ग्रंथालयीन सेवेच्या स्वरूपात झालेले बदल स्पष्ट करणे.
३. या बदलांतून वाचकाचा ज्ञानावरील हक्क आणि माहितीची निःपक्षपातता यांविषयी जे प्रश्न निर्माण झाले, त्यांचा विचार करणे.

प्रस्तुत अभ्यास ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा असून तो प्रकाशित दुय्यम साधनांवर आधारलेला आहे. अभ्यासाचे क्षेत्र मुख्यतः अमेरिका हे आहे. ऑक्सफर्ड येथील एका प्रयोगाचा तसेच अखेरीस भारतीय परिस्थितीचा निर्देश आवश्यक तेवढाच केला आहे.

पूर्वपीठिका : सूचीकडून रुग्णशय्येकडे

अमेरिकेतील वैद्यकीय ग्रंथालयांच्या आधुनिक परंपरेचा आरंभ जॉन शॉ बिलिंग्ज यांच्या कार्यापासून मानला जातो. सैन्याच्या सर्जन जनरलच्या कार्यालयातील ग्रंथसंग्रहाचे त्यांनी राष्ट्रीय महत्त्वाच्या ग्रंथालयात रूपांतर केले. १८७९ मध्ये त्यांनी रॉबर्ट फ्लेचर यांच्या साहाय्याने ‘इंडेक्स मेडिकस’ ही वैद्यकीय लेखांची सूची सुरू केली. याच ग्रंथालयाला १९५६ च्या कायद्यान्वये ‘नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन’ हे नाव व दर्जा प्राप्त झाला. १९६४ मध्ये सूचीकरणासाठी संगणकाचा वापर करणारी ‘मेडलार्स’ ही यंत्रणा सुरू झाली आणि १९७१ मध्ये दूरध्वनीच्या तारेवरून शोध घेण्याची सोय देणारी ‘मेडलाइन’ सेवा आली. लेख कोठे आहे, हे शोधण्याचा वेळ यामुळे दिवसांवरून मिनिटांवर आला. पण त्यासाठी डॉक्टरांना ग्रंथालयात यावेच लागे.

याच १९७१ मध्ये मिसूरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी येथील वैद्यकीय विद्यालयात गर्ट्रूड लँब यांनी एक निराळा प्रयोग केला. त्यांच्या उपक्रमातील ग्रंथपाल डॉक्टरांच्या चमूबरोबर वॉर्डातील राउंडला जाऊ लागले. चर्चेत निघालेले प्रश्न टिपून घेऊन त्यांच्याशी संबंधित लेख ते चमूकडे पोहोचवीत. ‘क्लिनिकल ग्रंथपाल’ ही संकल्पना यातून रूढ झाली. यंत्राच्या आधी माणूस रुग्णशय्येपर्यंत पोहोचला होता, ही बाब येथे लक्षात घेतली पाहिजे. हातातील साधनांच्या वापरकर्त्यांना पुढे जी सेवा मिळाली, तिची मुळे संगणकशास्त्राइतकीच या परंपरेतही आहेत.

दुसरा उल्लेखनीय प्रयोग ऑक्सफर्ड येथील जॉन रॅडक्लिफ रुग्णालयात डेव्हिड सॅकेट व शॅरन स्ट्रॉस यांनी केला. पुराव्यावर आधारित वैद्यकाचे पुरस्कर्ते असलेल्या या अभ्यासकांनी संगणक, सीडीवरील संदर्भसाधने व संक्षिप्त टिपणे एका हातगाडीवर मांडून ती वॉर्डाच्या वापरात आणली. तिला ‘एव्हिडन्स कार्ट’, म्हणजे पुराव्याची गाडी, असे नाव दिले. १९९८ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालानुसार गाडी उपलब्ध असताना ९८ शोध घेण्यात आले. त्यांपैकी ७९ शोध निदान वा उपचार यांच्या निर्णयाशी निगडित होते आणि त्यांतील ७१ यशस्वी ठरले. गाडी काढून घेतल्यानंतर पुराव्याची गरज भासतच राहिली. पण प्रत्यक्ष शोध मात्र अशा प्रसंगांपैकी केवळ १२ टक्के वेळा घेण्यात आला.

या प्रयोगाचे तात्पर्य फार महत्त्वाचे आहे. उत्तर दूर असले की प्रश्न सोडून दिला जातो आणि त्याची किंमत रुग्णाला मोजावी लागू शकते. गाडीची एक मर्यादाही होती. ती इतकी अवजड होती की खाटेखाटेपाशी नेणे शक्य नव्हते. पुरावा खिशात मावेल असे साधन हवे होते आणि ते तोपर्यंत अमेरिकन बाजारात आलेलेही होते.

पीडीएचा कालखंड : खिशातील संगणक

निवासी डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटाचा, आपल्याकडील भाषेत एप्रनचा, खिसा पूर्वीपासूनच एक छोटे ग्रंथालय होता. सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठात तयार झालेल्या ‘वॉशिंग्टन मॅन्युअल’सारख्या पुस्तिका, औषधांच्या मात्रांची टिपणे, रुग्णांच्या नोंदींची कार्डे असा ऐवज त्यात कोंबलेला असे. या खिशाची जागा घेण्याचा प्रयत्न १९९३ मध्ये अ‍ॅपल कंपनीच्या ‘न्यूटन मेसेजपॅड’ने केला. तथापि आकारामुळे आणि हस्ताक्षर ओळखण्यातील सदोषतेमुळे तो लोकप्रिय झाला नाही. १९९८ मध्ये त्याचे उत्पादन थांबले.

मार्च १९९६ मध्ये आलेल्या ‘पाम पायलट’ने मात्र चित्र पालटले. पायलट १००० या प्रतिमानात १२८ किलोबाइट व पायलट ५००० मध्ये ५१२ किलोबाइट एवढीच स्मृती होती. पडदा १६० × १६० बिंदूंचा आणि वीजपुरवठा दोन छोट्या बॅटऱ्यांचा. आजच्या दृष्टीने हे साधन अगदीच तुटपुंजे वाटेल. पण ते खिशात मावत होते, तत्काळ सुरू होत होते आणि टेबलावरील संगणकाशी जोडून एक कळ दाबली की दोन्हींकडील माहिती जुळवून घेतली जात होती. ‘पर्सनल डिजिटल असिस्टंट’, संक्षेपाने पीडीए, ही संज्ञा वैद्यकीय वर्तुळात याच साधनांमुळे रुळली. २००० मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ‘पॉकेट पीसी’चे आगमन झाल्यावर दोन परस्परविसंगत कार्यप्रणाली बाजारात आल्या आणि ग्रंथालयांना दोन्हींची माहिती ठेवणे भाग पडले.

ग्रंथालयीन सेवेचे स्वरूप

१९९८ ते २००६ या काळात अमेरिकेतील अनेक वैद्यकीय महाविद्यालयीन ग्रंथालयांनी पीडीए वापरणाऱ्यांसाठी सेवा सुरू केल्या. ‘मेडिकल रेफरन्स सर्व्हिसेस क्वार्टर्ली’ आणि ‘जर्नल ऑफ द मेडिकल लायब्ररी असोसिएशन’ या व्यावसायिक नियतकालिकांत त्या वर्षांत प्रसिद्ध झालेल्या लेखांवरून या सेवांचे स्वरूप पुढीलप्रमाणे मांडता येते.

पहिली सेवा निवडीची होती. पीडीएवर चालणारे असंख्य वैद्यकीय कार्यक्रम उपलब्ध होते; त्यांतील कोणता विश्वसनीय, कोणता कालबाह्य, कोणता कोणत्या साधनावर चालतो, याची निवडक यादी ग्रंथपाल संकेतस्थळावर देऊ लागले. दुसरी सेवा प्रशिक्षणाची. साधन कसे वापरावे इथपासून मेडलाइनमधील शोध छोट्या पडद्यावर कसा घ्यावा इथपर्यंतचे वर्ग घेण्यात येत. तिसरी सेवा जोडणीची. ग्रंथालयातील संगणकांना माहिती जुळवून घेण्याचे पाळणे जोडलेले असत. काही ठिकाणी इन्फ्रारेड किरणांद्वारे मजकूर पाठवणारी केंद्रे बसवण्यात आली. वाचकाने आपले साधन केंद्रासमोर धरावे आणि हवा तो मजकूर घेऊन वॉर्डाकडे जावे, अशी ती व्यवस्था होती. चौथी सेवा संग्रहाची. पीडीएवर उतरवून घेता येतील अशा संदर्भग्रंथांचे परवाने ग्रंथालये घेऊ लागली; काही ग्रंथालये प्रत्यक्ष साधनेही वाचकांना पुस्तकांप्रमाणे घरी देत.

याच काळात नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने केलेले प्रयत्नही महत्त्वाचे आहेत. मेडलाइनचा शोध ‘पबमेड’द्वारे जून १९९७ पासून सर्वांना विनामूल्य खुला झालेला होता. पुढे या संस्थेच्या संशोधकांनी छोट्या पडद्यासाठी ‘पबमेड फॉर हँडहेल्ड्स’ ही स्वतंत्र मांडणी तयार केली.

या सेवांमध्ये अडचणीही पुष्कळ होत्या. सुरुवातीच्या पाम साधनांची बॅटरी पूर्ण संपली तर त्यातील मजकूर पुसला जाई. संगणकावर प्रत ठेवलेली नसेल तर सारे श्रम वाया जात. अनेक रुग्णालयांत वैद्यकीय उपकरणांवर परिणाम होईल या भीतीने मोबाइल फोनला मज्जाव होता. रुग्णांच्या नोंदी खिशातील साधनात ठेवल्या जाऊ लागल्याने गोपनीयतेचा प्रश्न उपस्थित झाला. १९९६ च्या ‘हिपा’ कायद्याखालील गोपनीयता नियमांचे पालन एप्रिल २००३ पासून बंधनकारक झाले, तेव्हा सांकेतिक शब्द लावणे, हरवलेल्या साधनाची सूचना देणे या गोष्टीही शिकवाव्या लागल्या. साधन दुरुस्त करणे हे ग्रंथपालाचे काम काय, असा वादही व्यवसायात झाला. वाचक मात्र ग्रंथपाल आणि तंत्रज्ञ असा भेद करीत नव्हता. त्याचे साधन चालत नसेल तर त्यातील ग्रंथही त्याच्यासाठी बंदच होता.

विनामूल्य माहिती आणि तिची किंमत

या कालखंडाचा विचार करताना ‘ईपोक्रेट्स’ या कंपनीचे उदाहरण टाळता येणार नाही. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या या कंपनीने १९९९ मध्ये औषधांची माहिती देणारा पीडीए-कार्यक्रम विनामूल्य दिला. मात्रा, दुष्परिणाम, औषधांची परस्परक्रिया ही माहिती काही सेकंदांत मिळत असल्याने तो डॉक्टर व विद्यार्थी यांच्यात अल्पावधीतच प्रिय झाला. प्रश्न व उत्तर यांतील अंतर या साधनाने खरोखरच कमी केले, हे मान्य केले पाहिजे.

तथापि कंपनीच्या उत्पन्नाचा एक मोठा भाग औषध कंपन्यांकडून येत असे. डॉक्टरांच्या साधनावर ‘डॉकअलर्ट’ नावाचे संदेश पाठवले जात आणि त्यांतील काही औषध कंपन्यांनी पुरस्कृत केलेले असत. औषधाची माहिती आणि औषधविक्रेत्याचा संदेश हे दोन्ही एकाच छोट्या पडद्यावर, एकाच बोटाच्या अंतरावर आले. यावरून ती माहिती सदोष होती असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे ठरेल. परंतु माहितीचा खर्च कोण करतो, हा प्रश्न वाचकाने विचारला पाहिजे आणि तो विचारायला शिकवणे हे ग्रंथपालाचेच काम होते. ग्रंथालय संस्थेच्या पैशातून वर्गणी भरते. म्हणून ते वाचकाला उत्तरदायी असते. विनामूल्य साधनाच्या बाबतीत हे उत्तरदायित्व पुरस्कर्त्याकडेही झुकण्याचा संभव असतो. निवडक यादी तयार करणारा ग्रंथपाल म्हणूनच केवळ तांत्रिक साहाय्यक नव्हता.

स्मार्टफोनचा कालखंड : साधनाकडून परवान्याकडे

२००७ मध्ये आयफोन आला. जुलै २००८ मध्ये अ‍ॅप स्टोअर सुरू झाले आणि त्याच वर्षी अँड्रॉइडचा पहिला फोन बाजारात आला. पामची निर्मिती करणारी कंपनी २०१० मध्ये ह्यूलेट-पॅकार्डने विकत घेतली आणि २०११ मध्ये त्या परंपरेतील साधनांचे उत्पादन थांबवल्याचे जाहीर केले. अशा रीतीने सुमारे १५ वर्षांत एक साधन आले, रुजले आणि अस्तंगत झाले. पाळणे, इन्फ्रारेड केंद्रे व पाम प्रणालीवरील ग्रंथांचे परवाने ग्रंथालयांना निकामी म्हणून बाजूला ठेवावे लागले.

नव्या साधनांमुळे जुन्या अडचणी बऱ्याच अंशी दूर झाल्या. स्मृती वाढली, पडदा मोठा झाला, साधन सतत इंटरनेटशी जोडलेले राहिले. २०१० मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील वैद्यकीय विद्यालयाने प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना आयपॅड दिले. साधन कसे चालवावे, हे विद्यार्थ्यांना शिकवण्याची गरज हळूहळू उरली नाही.

त्याऐवजी एक वेगळाच प्रश्न पुढे आला. विद्युत् नियतकालिकांची वर्गणी भरलेली संस्था प्रकाशकाला तिच्या संगणकजालाच्या पत्त्यावरून ओळखू येत असे. वाचकाचा फोन मात्र मोबाइल कंपनीच्या जालावरून येत असल्याने प्रकाशकाच्या दृष्टीने तो परका ठरे. यावर ‘ईझीप्रॉक्सी’सारख्या मध्यस्थ प्रणालींचा उपाय होता. १९९९ मध्ये निर्माण झालेली ही प्रणाली वाचकाची ओळख पटवून त्याला संस्थेच्या नावाने आत सोडत असे. अ‍ॅपच्या बाबतीत मात्र हा मार्ग नेहमी चालत नसे. प्रत्येक अ‍ॅपचे स्वतंत्र खाते, स्वतंत्र सांकेतिक शब्द आणि ठराविक काळाने संस्थेच्या जालावरून पुन्हा ओळख पटवण्याची अट, असा नवा प्रपंच उभा राहिला. ‘अपटुडेट’चे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९९२ मध्ये सुरू झालेले हे संदर्भसाधन आरंभी फ्लॉपीवर वितरित होत असे. पुढे ते अ‍ॅपच्या रूपात खिशात आले. पण संस्थेची नेहमीची वर्गणी असली म्हणजे ते प्रत्येक वाचकाच्या फोनवर मिळेलच, असे नव्हते. त्यासाठी वरच्या श्रेणीचा परवाना घ्यावा लागे.

याचा परिणाम असा झाला की, मदतीसाठी येणाऱ्या वाचकाचे प्रश्न बदलले. पीडीएच्या काळात वाचक विचारी, ‘हे यंत्र कसे चालवायचे?’ आता तो विचारू लागला, ‘मला आत का जाता येत नाही?’ या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर यंत्रात नव्हते. ते करारपत्रात होते. वैद्यकीय महाविद्यालयातील ग्रंथपालाला त्यामुळे परवान्यातील कलमे वाचणे, प्रकाशकांशी वाटाघाटी करणे आणि वाचकाच्या वतीने भांडणे हे नवे कौशल्य आत्मसात करावे लागले.

यातील एक विसंगती विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. छापील ग्रंथ विकत घेतलेला विद्यार्थी पदवीनंतरही तो ग्रंथ जवळ ठेवू शकत असे. संस्थेच्या परवान्यावर मिळालेले ग्रंथालय मात्र संस्थेशी असलेला संबंध संपताच फोनमधून बंद होते. मोठ्या विद्यापीठात शिकलेला डॉक्टर लहान गावी व्यवसायासाठी गेला, म्हणजे जेथे विचारायला दुसरा सहकारी नाही अशा ठिकाणी गेला, की नेमके तेव्हाच त्याच्या खिशातील ग्रंथालय मुके होते. तंत्रज्ञानाने दूर केलेले अंतर परवान्याने पुन्हा निर्माण केले, असे म्हणावे लागेल.

वेगळ्या सेवेचा अस्त

२०१० नंतर पडद्याच्या आकारानुसार आपोआप जुळवून घेणारी संकेतस्थळे रूढ झाली. मोबाइलसाठी वेगळे पान ठेवण्याची आवश्यकता कमी होत गेली. मे २०२० मध्ये पबमेडची नवी मांडणी जुन्या मांडणीच्या जागी आली. ती फोन व संगणक या दोन्हींवर सारखीच चालते. त्याच वर्षी कोविड-१९ च्या साथीमुळे ग्रंथालयांच्या इमारती बंद झाल्या आणि सर्वच वाचक दूरस्थ वाचक बनले. ‘मोबाइल वापरकर्ता’ हा वेगळा वर्ग अशा रीतीने विलीन झाला. म्हणूनच प्रस्तुत अभ्यासाचा कालखंड २०२० पर्यंत मर्यादित ठेवला आहे.

भारतीय संदर्भ

भारतीय ग्रंथालयशास्त्राला हा विषय परका नाही. डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र वाचकाच्या वेळेच्या बचतीविषयी आहे. वैद्यकीय ग्रंथालयाच्या बाबतीत तो वेळ केवळ वाचकाचा नसून रुग्णाचाही असतो. नवी दिल्ली येथील राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाच्या पुढाकाराने २००८ मध्ये ‘ईआरमेड’ हा सामूहिक वर्गणीचा उपक्रम सुरू झाला. १ जानेवारी २०२५ पासून केंद्र शासनाची ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ ही योजना सुरू झाली असून तिच्याद्वारे केंद्र व राज्य शासनांच्या अखत्यारीतील ६,३०० हून अधिक संस्थांना सुमारे १३,००० नियतकालिके उपलब्ध करून देण्याचे उद्दिष्ट आहे.

हे पाऊल स्वागतार्ह असले तरी अमेरिकन अनुभवातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, नियतकालिकांचा लेख आणि खाटेशेजारी हवे असलेले नेमके उत्तर या भिन्न गोष्टी आहेत. दुसरीसाठी संक्षिप्त संदर्भसाधने व प्रशिक्षित ग्रंथपाल दोन्ही लागतात. दुसरी, परवाना संस्थेच्या नावावर असेल तर संस्थेबाहेर, ग्रामीण भागात एकाकी सेवा देणारा डॉक्टर त्यापासून वंचित राहण्याची भीती आहे. महाराष्ट्रातील वैद्यकीय महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या पदवीधरांचा विचार या अंगाने होणे गरजेचे आहे.

निष्कर्ष :

१. हातातील साधनांच्या वापरकर्त्यांना दिलेली सेवा ही आकस्मिक तांत्रिक घटना नव्हती. ग्रंथालय रुग्णशय्येपर्यंत नेण्याच्या, १९७१ पासून स्पष्ट दिसणाऱ्या परंपरेचा तो पुढील टप्पा होता.
२. पीडीएच्या काळात सेवेचा केंद्रबिंदू साधन होता. स्मार्टफोनच्या काळात तो परवान्याकडे सरकला. वाचकाची अडचण तांत्रिक स्वरूपाची न राहता हक्काची बनली.
३. साधनाशी बांधलेली गुंतवणूक अल्पायुषी ठरली. निवड, मूल्यमापन व प्रशिक्षण ही ग्रंथपालाची कौशल्ये मात्र प्रत्येक टप्प्यात उपयोगी पडली.
४. विनामूल्य माहितीमागील अर्थकारण वाचकाच्या लक्षात आणून देणे, ही वैद्यकीय ग्रंथपालाची नैतिक जबाबदारी आहे.

ऑक्सफर्डच्या वॉर्डातून पुराव्याची गाडी काढून घेतली, तेव्हा डॉक्टरांची गरज संपली नव्हती. संपले होते ते उत्तर शोधणे. खिशातील साधने आज सर्वांजवळ आहेत. त्यांत काय असावे, ते कोणी निवडावे आणि पदवीनंतर ते कोणाजवळ राहावे, हे ठरवण्याचे काम अद्याप पूर्ण झालेले नाही. ते यंत्रावर सोपवता येण्याजोगेही नाही.